जर्मनीत छंदाचा छोटा धंदा: पहिल्या विक्रीच्या आधी काय काय करायचं

नवऱ्याच्या किंवा बायकोच्या नोकरीमुळे जर्मनीत आलेल्या कितीतरी जणांकडे सुरुवातीच्या वर्षात वेळ भरपूर असतो आणि हातात एखादी कला असते. कुणी वारली काढतं, कुणी मातीचे दागिने करतं, कुणी केक सजवतं, कुणी मेंदी काढतं. मंडळाच्या गणपतीत चारचौघं बघतात आणि म्हणतात, "अगं, तू हे विकत का नाहीस?" मग त्याच रात्री इन्स्टाग्रामवर पान उघडलं जातं, दुसऱ्या दिवशी नाव ठरतं, तिसऱ्या दिवशी लोगो. कागदपत्रांचं नंतर बघू.

हा क्रम उलटा करा. "थोडंफार विकलं तर कोण विचारतंय" हा हिशोब जर्मनीत चालत नाही. घरातली जुनी खुर्ची विकणं खाजगी, पण नफ्यासाठी पुन्हा पुन्हा वस्तू बनवून विकणं म्हणजे पहिल्या दिवसापासून व्यवसाय. त्यातून किती कमावता हा पुढचा प्रश्न. त्यातल्या त्यात बरी गोष्ट अशी, की छोट्या धंद्यासाठीची कागदपत्रं खरंच छोटी आहेत. योग्य क्रमाने केली तर महिन्या-दीड महिन्यात उरकतात.

मी गोधड्या शिवते, म्हणून उदाहरणं गोधडीचीच देणार आहे. तुमची कला वेगळी असली तरी रस्ता तोच.

आधी रहिवासी कार्ड नीट वाचा

कार्डावर किंवा त्यासोबतच्या हिरव्या जोडपत्रावर कामाबद्दल एक ओळ असते. "एर्वेर्ब्सटेटिगकाइट" करायला परवानगी आहे असं लिहिलेलं असेल तर नोकरी आणि स्वतःचा धंदा दोन्ही करता येतात. जोडीदाराच्या व्हिसावर, म्हणजे फामिलिएननाखत्सुगवर, आलेल्यांच्या कार्डावर सहसा हेच असतं. मात्र तिथे फक्त "बेशेफ्टिगुंग" असेल तर ती परवानगी नोकरीपुरती आहे, धंदा त्यात येत नाही.

आता गंमत बघा. ब्लू कार्ड ज्याच्या नावावर आहे त्याला जोडधंदा करायचा तर आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, वेगळी परवानगी काढावी लागते, आणि त्याच्यासोबत आलेल्या जोडीदाराला ती लागत नाही. त्यामुळे नवरा-बायको दोघं मिळून काही करणार असाल तर नोंदणी कुणाच्या नावावर करायची ते इथेच ठरतं. विद्यार्थ्यांनीही आधी परवानगी घ्यावी. "दोस्त करतोय, त्याला काही झालं नाही" यावर विसंबून व्हिसा पणाला लावू नका. परवानगीचा अर्ज साध्या ईमेलने करता येतो. काय विकणार, आठवड्याला किती तास देणार आणि अंदाजे किती मिळणार, एवढं अर्ध्या पानात लिहून पाठवा.

मग क्रांकेनकासेला, म्हणजे आरोग्य विमा कंपनीला, फोन

ही पायरी जवळजवळ सगळे विसरतात आणि खिशाला सर्वांत मोठी चाट इथेच बसते. जोडीदाराच्या सरकारी आरोग्य विम्यात तुम्ही फुकट असाल, म्हणजे फामिलिएनफेरजिशेरुंगमध्ये, तर त्याला उत्पन्नाची मर्यादा आहे. २०२६ मध्ये ती महिना ५६५ युरो आहे, २०२५ मध्ये ५३५ होती. धंद्याच्या बाबतीत इथे नफा बघतात, विक्री नाही. शिवाय धंदा हाच तुमचा मुख्य व्यवसाय आहे असं विमा कंपनीला वाटलं, तर उत्पन्न कमी असूनही फुकट विमा सुटू शकतो. म्हणून आठवड्याला किती तास देता हेही ते विचारतात.

विमा सुटला तर स्वतःचा हप्ता सुरू होतो. नफा नगण्य असला तरी किमान हप्ता महिन्याला अडीचशे युरोंच्या वर जातो. म्हणजे महिन्याला सहाशे युरो नफा होणारा धंदा पाचशे युरो नफ्याच्या धंद्यापेक्षा तोट्यात पडतो! पहिल्या वर्षी एक तर मर्यादेच्या आत राहायचं ठरवा, नाहीतर तिच्या बरंच वर जायचं ठरवा. मधल्या पट्ट्यात लटकू नका. विमा कंपनीचं उत्तर लेखी मागा.

चित्रकार, संगीतकार, लेखक अशा कलावंतांसाठी क्युन्स्टलरसोत्सियालकासे नावाची वेगळी सोय आहे. ती तुमच्या विम्याचा आणि पेन्शनचा साधारण निम्मा वाटा उचलते. त्यासाठी कलेतून वर्षाला ३,९०० युरोंपेक्षा जास्त नफा हवा, पण पहिल्या तीन वर्षांत ही अट शिथिल असते. गोधडीवाले यात बसणं कठीण. चित्रकारांनी मात्र नक्की अर्ज करावा.

तुमचं काम कुठल्या खणात बसतं?

जर्मन व्यवस्थेत खण तीन, आणि तुमचा कोणता ते आधीच माहीत असलेलं बरं.

पहिला खण फ्रायबेरूफ्लरांचा, म्हणजे स्वतंत्र व्यावसायिकांचा. स्वतंत्र कला, लेखन, भाषांतर, शिकवणं हे यात येतं. कथक शिकवणारी, हार्मोनियम शिकवणारा, कॅनव्हासवर चित्रं काढून विकणारी, ही सगळी मंडळी इथली. त्यांना गेवेर्बे, म्हणजे व्यापारी धंदा, नोंदवावं लागत नाही, थेट फिनान्झआम्टला, म्हणजे कर कार्यालयाला, कळवायचं.

दुसरा खण गेवेर्बेचा. बनवून विकण्याच्या बहुतेक वस्तू यात जातात. वारलीचं मूळ चित्र कला ठरू शकतं, पण तेच चित्र शंभर मगांवर छापून विकलं की गेवेर्बे.

तिसऱ्या खणात, हांडवेर्कमध्ये, नवीन माणूस फसतो. काही कारागिरीच्या धंद्यांना इथे माइस्टर ही पदवी किंवा तिच्या तोडीचा दाखला लागतो. केक त्यात येतात. बेकर आणि कोंडिटर (केक-मिठाई बनवणारा) हे दोन्ही परवान्याचे धंदे आहेत, त्यामुळे घरून ऑर्डरप्रमाणे वाढदिवसाचे केक विकणं वाटतं तितकं सरळ नाही. स्वयंपाकघराच्या तपासणीचं आणि आरोग्य खात्याच्या प्रशिक्षणाचं प्रकरण वेगळंच. लाकडी खेळणी बनवण्याचा धंदाही २०२० पासून पुन्हा परवान्याच्या यादीत गेला, तेव्हा सावंतवाडीची परंपरा इथे चालवायचं कुणाच्या मनात असेल तर आधी चौकशी करा. शिवणकाम, सोनारकाम, कुंभारकाम आणि फोटोग्राफी यांना माइस्टर लागत नाही.

शंका असली तर आपल्या जिल्ह्याच्या हांडवेर्क्सकामरला, म्हणजे कारागिरांच्या चेंबरला, दोन ओळींचा ईमेल करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. पुढे कुणी विचारलं तर तोच कागद दाखवायचा.

नोंदणी: एक खिडकी, एक फॉर्म

गेवेर्बेआन्मेल्डुंग, म्हणजे धंद्याची नोंदणी, तुमच्या शहराच्या गेवेर्बेआम्ट या कार्यालयात होतं. बऱ्याच शहरांत ते ऑनलाइनही करता येतं. फी शहराप्रमाणे साधारण २० ते ६० युरो. कामाचं वर्णन थोडं ऐसपैस लिहा. "गोधड्या विकणे" असं न लिहिता "कापडी हस्तकला वस्तू बनवणे, त्यांची ऑनलाइन व बाजारात विक्री, कार्यशाळा घेणे" असं लिहिलं की उद्या पिशव्या शिवायला घेतल्या तरी फॉर्म बदलावा लागत नाही.

त्यानंतर एका महिन्याच्या आत एल्स्टर या सरकारी पोर्टलवरून फिनान्झआम्टची प्रश्नावली भरायची. एल्स्टरचं खातं उघडताना एक कोड टपालाने येतो आणि त्यात आठवडा-दोन आठवडे जातात, म्हणून खात्याचं काम आधीच सुरू करून ठेवा. प्रश्नावली लांबलचक आहे, पण खरे महत्त्वाचे प्रश्न दोनच. एक, अपेक्षित नफा. तिथे मोठ्या तोऱ्यात आकडा टाकलात तर आगाऊ कराची पत्रं दर तिमाहीला येतील. जो वाटतो तो प्रामाणिक, थोडा सावध आकडा लिहा.

दुसरा प्रश्न क्लाइनउंटरनेमरचा, म्हणजे छोट्या व्यावसायिकाच्या सवलतीचा. मागच्या वर्षीची विक्री २५,००० युरोंपर्यंत असेल आणि चालू वर्षाची एक लाखाच्या वर जात नसेल तर ग्राहकाकडून उमजात्सश्टॉयर, म्हणजे विक्रीवरचा कर, घ्यावा लागत नाही. सुरुवातीच्या वर्षी मात्र २५,००० हीच मर्यादा धरायची. ही सवलत घ्यावी का? घरगुती ग्राहकांना विकणाऱ्याने डोळे झाकून घ्यावी. १९ टक्के कर लावायचा नाही, दर महिन्याचे रिटर्न नाहीत. फक्त बिलावर कराचा वेगळा आकडा दाखवायचा नाही आणि या कराच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे कर लावलेला नाही अशी एक ओळ टाकायची. तोटा एवढाच, की कापड, मशीन यांच्या खरेदीवर भरलेला कर परत मिळत नाही.

काही आठवड्यांनी श्टॉयरनुमर, म्हणजे तुमचा कर क्रमांक, येतो. चेंबरचं सदस्यत्वाचं पत्रही येईल, त्याने घाबरू नका. इंडुस्ट्री उंड हांडेल्सकामर या उद्योग-व्यापार चेंबरमध्ये वर्षाचा नफा ५,२०० युरोंपर्यंत असलेल्या छोट्या धंदेवाल्याला वर्गणी माफ असते. आणखीही पत्रं येतील. त्यांवर गरुडासारखं चिन्ह असेल, सरकारी वाटणारं नाव असेल आणि "व्यवसाय सूचीत नोंद" म्हणून काही शे युरो मागितलेले असतील. ते खाजगी कंपन्यांचं जाळं आहे, अशा पत्रावर सही करू नका. बारीक अक्षरात ती जाहिरातीची ऑफर असल्याचं लिहिलेलं असतं.

किंमत: इथे जास्त वेळ घालवा

आपली माणसं किंमत ठरवताना दोन चुका करतात. एक तर मनातल्या मनात रुपयांत हिशोब करतात, आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या वेळेला शून्य किंमत देतात. मग दहा तास शिवलेली वस्तू चाळीस युरोंना जाते आणि वर "परवडलं का?" असंही आपणच विचारतो.

जर्मनीत २०२६ चा किमान वेतनदर तासाला १३.९० युरो आहे. स्वतःला त्याखाली कधीच धरू नका. आता हिशोब मांडू. दीड मीटर बाय दोन मीटरची, पूर्ण हाताने धावदोरा घातलेली गोधडी घ्या. तीस तास सहज जातात. तासांचे ४१७ युरो आणि कापड-दोऱ्याचे ४०. साडेचारशेच्या पुढे गेलो, आणि अजून बाजाराचं भाडं धरलेलंच नाही. या किमतीला गिऱ्हाईक मिळतं, पण वर्षाला मोजकंच. ही गोधडी स्टॉलच्या मागच्या दांडीवर टांगायची, ती गर्दी खेचते.

पोट भरतं छोट्या वस्तूवर. मीटरभर चौरस गोधडी, कडा मशीनवर, मधला धावदोरा हाताने: पाच तास, म्हणजे ७० युरो. कापड १५, ऑनलाइन विक्रीची दलाली आणि पॅकिंगचे वीसेक. किमान १०५ आले. त्यावर नफा आणि कराची तरतूद धरली की १२५-१३० ही खरी किंमत.

आणि ती कोणत्या नावाने विकायची? मी "बाळाचं पांघरूण" म्हणून विकत नाही. इथले आईबाप तान्ह्या बाळाला मोकळं पांघरूण घालत नाहीत, झोपायच्या पिशवीत झोपवतात. डॉक्टर आणि सुईणीही तेच सांगतात. पण बाळ रांगायला लागलं की जमिनीवर अंथरायला क्राबेलडेके लागतेच, आणि ती भेट म्हणून द्यायची पद्धतही आहे. वस्तू तीच, नाव बदललं की गिऱ्हाईक सापडतं. त्यावर बटणं, आरसे, गोंडे शिवू नका. सुटे भाग धोक्याचे, आणि वस्तू खेळण्यात मोजली गेली तर सीई चिन्हाचे वेगळे नियम लागतात.

मंडळातल्या ओळखीच्यांसाठी वेगळा भाव ठेवायचा का? "आपल्याच माणसांना काय एवढे लावतेस" हे ऐकायला लागणारच. माझा नियम साधा आहे: भाव एकच, हवं तर सोबत एक छोटा बटवा भेट. भाव पाडला की तो व्हॉट्सअ‍ॅपवरून तासाभरात सगळ्या शहराला कळतो. खरं तर मंडळ हे पहिलं गिऱ्हाईक म्हणून चांगलं, पण तेवढ्यावर धंदा उभा राहत नाही. गोधडी घरच्या कपाटात पडून असलेल्या माणसाला तिचे सव्वाशे युरो जास्तच वाटणार.

शिवून झालं, आता लेबलं

कापडी वस्तूवर धाग्याचा प्रकार टक्केवारीसह आणि जर्मनमध्ये लिहावा लागतो. "शंभर टक्के सुती" वगैरे. मग आईच्या आणि आत्याच्या जुन्या साड्यांचं काय? त्यातलं किती सूत आणि किती पॉलिएस्टर हे कुणाला ठाऊक! युरोपीय नियमात त्याला वाट आहे. ज्यात कोणते धागे किती आहेत हे सांगणं कठीण आहे अशा मालावर "डिवेर्से फाझरआर्टन", म्हणजे मिश्र धागे, असं लिहिता येतं. साड्या निवडताना काडी पेटवून एक धागा जाळून बघा. सूत जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते. गोळी झाली की ती साडी बाजूला. साड्या दोनदा गरम पाण्यात धुऊन रंग जातो का तेही पाहा, कारण इथलं गिऱ्हाईक हात लावल्यावर पहिला प्रश्न विचारतं: मशीनमध्ये धुता येते का, किती डिग्रीला?

१३ डिसेंबर २०२४ पासून युरोपात उत्पादन सुरक्षेचा नवा नियम लागू आहे. प्रत्येक वस्तूवर बनवणाऱ्याचं नाव, टपालाचा पत्ता आणि ईमेल हवा, आणि तुमच्याकडे त्या वस्तूच्या धोक्यांचा छोटा लेखी विचार हवा. कागदाचं एक पान पुरतं: काय वापरलं, काय सुटू शकतं, त्यासाठी काय केलं. दागिने करणाऱ्यांनी निकेलकडे लक्ष द्यावं. त्वचेला लागणाऱ्या धातूतून किती निकेल सुटू शकतं याला युरोपात कडक मर्यादा आहे, आणि तुळशीबागेतून आणलेले हुक, साखळ्या तिथे बसतील याची खात्री नसते. ते सुटे भाग इथूनच घ्या.

पॅकिंगचाही कायदा आहे. पहिलं पार्सल पाठवण्याआधी ल्युसिड नावाच्या नोंदवहीत फुकट नोंदणी करायची आणि एखाद्या कचरा-पुनर्वापर यंत्रणेशी वर्षाचा करार करायचा. छोट्या विक्रेत्याला तो काही युरोंत पडतो. यात किमान मर्यादा नाही, एक खोकं पाठवलं तरी लागू.

कुठे विकायचं

ऑनलाइन सुरुवातीला एट्सी सोपं. प्रत्येक वस्तू मांडायला ०.२० डॉलर, विक्रीवर टपालखर्चासह ६.५ टक्के, वर पैसे स्वीकारण्याचे साधारण ४ टक्के. वर्षात ३० विक्री किंवा २,००० युरो झाले की अशा साइट्स तुमची माहिती करखात्याला आपोआप कळवतात, तेव्हा लपवायचं काहीच राहत नाही.

एट्सीवर, इन्स्टाग्रामवर, स्वतःच्या साइटवर, सगळीकडे इम्प्रेसुम, म्हणजे विक्रेत्याची ओळख, हवं: पूर्ण नाव, पत्ता, ईमेल. पोस्टबॉक्स चालत नाही. घरचा पत्ता जाहीर करायला बायकांना संकोच वाटतो, तो बरोबरच आहे. टपाल स्वीकारणारा पत्ता भाड्याने देणाऱ्या सेवा आहेत, पण तिथे कायदेशीर नोटीसही स्वीकारली जाते ना हे तपासा. इम्प्रेसुम नसेल तर स्पर्धकाच्या वकिलाची आबमानुंग, म्हणजे नियम मोडल्याची नोटीस, येऊ शकते, आणि तिची फी तुमच्या दोन महिन्यांच्या नफ्याइतकी असते. दुसऱ्याचा मजकूर उचलू नका. बऱ्याच जुन्या नमुन्यांत युरोपीय ऑनलाइन तंटा-निवारण मंचाची लिंक अजून आहे, आणि तो मंच जुलै २०२५ मध्ये बंद झाला. ग्राहकाला चौदा दिवसांत माल परत करायचा हक्क असतो. त्याच्या मापाने, नावाने शिवलेल्या वस्तूला तो लागू नाही.

बाजार मला ऑनलाइनपेक्षा जास्त आवडतात. गल्लीतल्या फ्लोमार्क्टला, म्हणजे जुन्या वस्तूंच्या बाजाराला, जाऊ नका, तिथे लोक दोन युरोंच्या आशेने येतात. कुन्स्टहांडवेर्करमार्क्ट, म्हणजे हस्तकलेचे बाजार, शोधा, तिथे निवड करून स्टॉल देतात. अर्जाला वस्तूंचे तीन स्वच्छ फोटो आणि काम करतानाचा एक फोटो जोडा. ख्रिसमसच्या बाजाराचे अर्ज बऱ्याच शहरांत वसंतातच बंद होतात, तेव्हा नोव्हेंबरची तयारी फेब्रुवारीत. स्टॉलवर बसून शिवत राहा, हातात सुई दिसली की लोक थांबतात, आणि "हे किती वेळात होतं?" याचं उत्तर दिलं की किमतीबद्दल वाद होत नाही. सुटे पैसे भरपूर ठेवा, इथे अजून रोखीचा व्यवहार बराच आहे. गल्ल्याला मशीन लागत नाही, पण संध्याकाळी रोकड मोजून दिवसाचा कागद लिहायचा.

तुमची कला एखाद्या समाजाची असेल तर ते सांगा. वारलीला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात लागली होती. जर्मन गिऱ्हाईक याबद्दल कुतूहलाने विचारतं. तुम्ही स्वतः वारली समाजाचे नसाल तर "वारली शैलीत" असं लिहा. जरीच्या छापील काठाला पैठणी म्हणणंही टाळा.

भारतातून माल आणताना

विमानाने येताना ४३० युरोंपर्यंतच्या वस्तू करमुक्त असतात, पण फक्त स्वतःच्या वापरासाठी किंवा भेट म्हणून. विकायचा माल एक साडी असली तरी लाल वाटेने जाऊन जाहीर करायचा. धंद्यासाठी माल मागवताना कस्टमचा इओरी नंबर काढावा लागतो, तो फुकट मिळतो. आयातीवर १९ टक्के कर आणि मालाप्रमाणे जकात धरा. क्लाइनउंटरनेमरला तो कर परत मिळत नाही, म्हणजे तो सरळ किमतीत मिळवायचा. बॅग उघडल्यावर वीस सारख्या कुर्त्या निघाल्या तर "बहिणींसाठी आहेत" हे कुणी ऐकून घेत नाही.

हिशोबाची वही

धंद्यासाठी वेगळं बँक खातं उघडा. कायद्याने सक्ती नाही, पण बऱ्याच बँका खाजगी खात्यावर धंद्याचे व्यवहार चालू देत नाहीत. आलेल्या नफ्यातला तिसरा हिस्सा बाजूला काढत चला, कारण जोडीदारासोबत एकत्र विवरणपत्र भरलं की तुमचा नफा त्याच्या पगाराच्या डोक्यावर चढतो आणि कर वरच्या दराने लागतो. पावत्या त्याच दिवशी फोटो काढून ठेवा, थर्मल कागदावरची शाई वर्षात उडते. आवक-जावकीचा साधा तक्ता, म्हणजे ईयुआर, एल्स्टरमधूनच भरायचा. सल्लागार नसेल तर पुढच्या वर्षीच्या ३१ जुलैपर्यंत. दोन-चार वर्षं सलग तोटा दाखवला तर फिनान्झआम्ट याला लीबहाबेराय, म्हणजे नुसता छंद, ठरवतं आणि तोट्याची वजावट नाकारतं. तोटा दिसतोच आहे तर तो का आहे आणि भाव कधी वाढवणार हे त्याच वहीत तारखेसह लिहून ठेवा.